मोतीची गोळी, आईंची गोळी

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजले असतील. स्वयंपाकघराच्या दाराशी आमचा मोती खोकत होता. घशात काही अडकावं तसा कोरडा, ठसक्यासारखा खोकला. मला वाटलं, ओंकारनं जेवताना चोरून हाड-बीड दिलं असणार. उठून पाणी ठेवलं, पाठीवरून हात फिरवला, पण स्वारी काही केल्या आडवी व्हायला तयार नव्हती. पुढचे पाय फाकून तो नुसता बसून राहिला.

मोती आमचा पॉमेरियन. वय वर्षं अकरा. म्हणजे घरातला तो जणू दुसरा मुलगाच! दुसऱ्या दिवशी शाळेचे माझे दोन तास उरकून मी त्याला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, फोटो काढला आणि म्हणाले, "हृदय वाढलंय. डावीकडची झडप नीट मिटत नाहीये, त्यामुळे रक्त उलटं मागं येतंय. फुफ्फुसात पाणी साचायला लागलंय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. कारण हीच वाक्यं दोन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका दवाखान्यात ऐकली होती. तेव्हा बाकावर माझ्या शेजारी माझ्या सासूबाई होत्या!

एकाच डब्यात दोघांची औषधं

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हृदयाचा अशक्तपणा आहे. डॉक्टर त्याला 'हार्ट फेल्युअर' म्हणतात. शब्द ऐकून आपण घाबरतो, वाटतं आता सगळं संपलंच. पण त्याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही. शरीराला हवं तेवढं रक्त ढकलायची ताकद त्यात उरलेली नाही, असा आहे. मग रक्त मागं तुंबतं, पायांवर सूज येते, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, रात्री उशी दोन-दोन घ्यावी लागते.

आमच्या फ्रिजवर स्टीलचा एक डबा आहे, त्यात आईंची औषधं असतात. मोतीच्या गोळ्याही मी त्यातच टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओंकारनं दोन पाकिटं शेजारी शेजारी धरली आणि ओरडला, "आई, मोतीची आणि आजीची गोळी एकच आहे! दोन्हीवर फ्युरोसेमाइड लिहिलंय!"

खरंच होतं. लघवीवाटे अंगातलं जास्तीचं पाणी काढून टाकणारी ती गोळी. मात्रा वेगळी, पण औषध तेच. मोतीला याशिवाय हृदयाचा जोर वाढवणारी आणखी एक गोळी होती, आईंना रक्तदाबाची.

ओंकार सातवीत आहे. या वयातल्या मुलांचं तोंड बंद कोण करणार? लगेच पुढचा प्रश्न: "मग ही आधी कुणावर करून बघितली? माणसांवर की कुत्र्यांवर?"

मी पोळ्या लाटत होते. लाटता लाटता सहज बोलून गेले, "अरे, औषधं आधी प्राण्यांवरच करून बघतात."

आईंच्या हातात गोळी होती, दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं. त्यांनी गोळी हळूच डब्यात परत टाकली.

आई माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकत नाही. मुंग्यांची रांग दिसली तर केरसुणी उचलून बाजूनं झाडतात. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी गोळी घेतली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. ह्यांनी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर फोनवरच चांगले रागावले, तेव्हा कुठे त्यांनी गोळी तोंडात टाकली. पण मला अट घातली. म्हणाल्या, "अगं, तू बी.ए. झालीस ना इतिहास घेऊन? मुलांना शिवाजीमहाराजांच्या लढाया शिकवतेस. मग हेही शोधून काढ. माझ्यासाठी कुणी किती सोसलंय ते मला कळू दे. त्याशिवाय घास गोड लागायचा नाही."

मैत्रिणींनो, हा लेख म्हणजे त्या अटीतून केलेला गृहपाठ आहे.

परळच्या त्या रस्त्यावर

शोधायला लागले आणि पोचले कुठे, तर माझ्याच माहेरी! माझं माहेर परळचं. लहानपणी ज्या रस्त्यानं शाळेत जायचे, त्या भागात केईएम हॉस्पिटल आहे, हाफकिन संस्था आहे, १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जनावरांचा मोठा दवाखाना आहे. माणसांचे आणि प्राण्यांचे डॉक्टर इतके जवळजवळ असलेली जागा दुसरी क्वचितच असेल. पण केईएमच्या भिंतीआड काय काय घडून गेलंय, याची मला कल्पना नव्हती.

केईएम आणि त्याला जोडलेलं सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ साली सुरू झालं. तिथं शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते डॉ. प्रफुल्लकुमार सेन. जन्मानं बंगाली, पण कर्मभूमी परळ. १९५०-६० च्या काळात हृदयावर चाकू चालवणं म्हणजे अचाट गोष्ट होती. हृदय थांबवल्याशिवाय नीट शिवता येत नाही, आणि थांबवलं तर माणूस जगत नाही! ही कोंडी फोडायची तर आधी सराव हवा. तो सराव डॉ. सेन आणि त्यांचे सहकारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत करत होते, कुत्र्यांवर.

कुत्राच का? तर त्याच्या हृदयाचा आकार, त्याचे चार कप्पे, त्याच्या झडपा माणसाच्या हृदयाशी बऱ्याच जुळतात. मोतीचा आणि आईंचा आजार एकसारखा निघाला, तो काही योगायोग नव्हता.

सापाचं काळीज

डॉ. सेन यांच्या कामातला एक प्रयोग तर मला गोष्टीसारखा वाटला.

आपल्या हृदयाला स्वतःला रक्त लागतं, हे आपण विसरतो. दिवसभर सगळ्यांना वाढणाऱ्या बाईनंही कधीतरी जेवायला हवं ना, तसंच! हृदयाच्या आत रक्त भरलेलं असतं, पण ते रक्त त्याच्या भिंतीला थेट मिळत नाही. बाहेरून गेलेल्या बारीक रोहिण्यांमधून ते भिंतीत पोचतं. या रोहिण्या चोंदल्या की भिंतीचा तेवढा भाग उपाशी पडतो आणि मरतो. हाच हार्ट ॲटॅक. आणि मेलेला भाग मोठा असेल तर उरलेलं हृदय कमजोर होत जातं.

सापांमध्ये आणि इतर सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये मात्र रचना वेगळी आहे. त्यांच्या हृदयाची भिंत स्पंजासारखी, आत भरलेलं रक्त ती थेट शोषून घेते. डॉ. सेन यांच्या मनात आलं, माणसाच्या हृदयालाही असंच करता येईल का? भिंतीला सुईनं बारीक बारीक भोकं पाडली, तर आतलं रक्त त्यातून झिरपेल का?

त्यांनी ते कुत्र्यांवर करून पाहिलं. हृदयाची एक रोहिणी बांधून रक्त तोडायचं आणि भिंतीला सुईनं छिद्रं पाडायची. नुसती रोहिणी बांधलेल्या कुत्र्यांच्या मानानं छिद्रं पाडलेल्यांची हृदयं अधिक सावरली, असं त्यांना दिसलं. १९६५ मध्ये हा निबंध अमेरिकेतल्या छाती व हृदय शस्त्रक्रियेच्या नामांकित मासिकात छापून आला. निबंधावर चार नावं होती: डॉ. सेन, डॉ. उडवाडिया, डॉ. किणारे आणि डॉ. परुळकर. यांतले डॉ. तेहमटन उडवाडिया म्हणजे पुढे आपल्या देशात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे.

कल्पना इथंच संपली नाही. १९८० नंतर अमेरिकेत सुईच्या जागी लेसर किरण आले. बायपास करणं शक्य नाही अशा रुग्णांच्या हृदयाला लेसरनं छिद्रं पाडण्याच्या उपचाराला तिथल्या सरकारनं १९९८ मध्ये मान्यता दिली. परळच्या प्रयोगशाळेतली सुई अशी साता समुद्रापार गेली!

पण आईंनी खरं सांग म्हटलं होतं, म्हणून पुढचंही सांगायला हवं. छिद्रं फार काळ उघडी राहत नाहीत, ती बुजतात, असं नंतर लक्षात आलं. बऱ्याच रुग्णांच्या छातीतलं दुखणं कमी झालं, पण ते नेमकं कशामुळे, यावर डॉक्टरांत एकमत झालं नाही. आज हा उपचार क्वचितच होतो. म्हणजे ज्या कुत्र्यांनी सोसलं, त्यांच्यामुळे एक वाट सापडली, आणि ती वाट फार लांब जात नाही हेही कळलं. प्रयोग म्हटला की हे आलंच. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी औषध निघत नाही.

१९६८ ची ती रात्र

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं. जगभर खळबळ उडाली. तो रुग्ण अठरा दिवस जगला. बर्नार्ड यांनीही त्याआधी कुत्र्यांवर हात बसवला होता, आणि ती पद्धत मुळात अमेरिकेत डॉ. शमवे व डॉ. लोअर यांनी कुत्र्यांवरच काम करून तयार केली होती.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १७ फेब्रुवारी १९६८ रोजी, डॉ. सेन यांनी केईएममध्ये हृदयाचं रोपण केलं. जगातलं हे सहावं. दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका यांच्यानंतर असं धाडस करणारा भारत हा तिसरा देश! ज्याला हृदय बसवलं तो सत्तावीस वर्षांचा शेतकरी होता, त्याच्या हृदयाचे स्नायू निकामी झाले होते. ते हृदय होतं अपघातात गेलेल्या एका तरुण मुलीचं. नवं हृदय त्या शेतकऱ्याच्या छातीत धडधडलं, पण तो सुमारे तीन तासच जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरं रोपण झालं. तो रुग्ण सुमारे चौदा तास जगला.

मग थांबणंच आलं. एक तर परकं हृदय शरीर स्वीकारत नाही. घरात अनोळखी माणूस शिरल्यासारखं ते त्याच्यावर तुटून पडतं. त्यावरचं सायक्लोस्पोरिन हे चांगलं औषध यायला पुढची पंधरा वर्षं गेली. ते मिळालं एका बुरशीतून आणि त्याचा गुण आधी दिसला तो उंदरांवर. दुसरं म्हणजे मेंदू मृत झाला की माणूस गेला, असं मानणारा कायदा आपल्याकडे नव्हता. तो १९९४ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाळ यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण केलं. डॉ. सेन यांना सरकारनं १९६९ मध्ये पद्मभूषण दिलं. पण हा दिवस बघायला ते नव्हते. १९८२ मध्येच ते गेले होते.

आणि मुंबईत? मुंबईला मात्र २०१५ चा ऑगस्ट उजाडावा लागला. मधे सत्तेचाळीस वर्षं गेली. त्या दिवशी मुलुंडच्या इस्पितळात एका तरुणाला नवं हृदय मिळालं, ते आपल्या पुण्यातल्या एका बाईचं. तिच्या घरच्यांनी दुःखाच्या त्या घटकेला 'हो' म्हटलं म्हणून! पुण्याहून विमानानं ते हृदय मुंबईला गेलं. हे वाचून मी आईंना मोठ्यानं सांगितलं, तेव्हा त्या हात जोडून बसल्या.

मांजरं, ॲना आणि सापाचं विष

आणखीही कितीतरी सापडलं. त्यातलं थोडंच सांगते.

हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना रक्त फिरवत ठेवणारं यंत्र असतं ना, ते अमेरिकेतल्या डॉ. जॉन गिबन यांनी तयार केलं. त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत रात्रंदिवस उभी असायची त्यांची बायको, मेरी. १९३० नंतरच्या त्या काळात प्रयोगाला प्राणी मिळेनात, तेव्हा गिबनसाहेब रात्री पोतं आणि मासळीचा तुकडा घेऊन रस्त्यावरची मांजरं पकडायला जायचे, असं त्यांनीच सांगून ठेवलंय! १९३५ मध्ये यंत्रावर मांजर जगलं. माणसावर ते यंत्र यशस्वी व्हायला १९५३ साल उजाडलं. ती रुग्ण अठरा वर्षांची मुलगी होती. मधली अठरा वर्षं नवरा-बायकोची आणि त्या मुक्या मांजरांची.

दुसरी गोष्ट निळ्या बाळांची. काही बाळं जन्मतःच हृदयाच्या दोषानं निळी पडतात, फुफ्फुसाकडे पुरेसं रक्तच जात नाही. डॉ. हेलन टॉसिग या बाईंना सुचलं की, एक रोहिणी वळवून फुफ्फुसाकडे जोडली तर? टॉसिगबाईंना ऐकू कमी येत असे, म्हणून त्या बाळांच्या छातीवर बोटं ठेवून ठोके 'ऐकायच्या'. ती जोडणी कुत्र्यांवर करून करून बसवली व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय मदतनीसानं. हा मूळचा सुतारकामातला हात, डॉक्टरकीची पदवी नाही. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी डॉ. ब्लॅलॉक यांनी पहिल्या बाळावर ती शस्त्रक्रिया केली, तेव्हा मागं उभं राहून सूचना देत होता थॉमसच. या प्रयोगांतून वाचलेली ॲना नावाची एक कुत्री त्या संस्थेत पुढे बरीच वर्षं सांभाळली गेली. तिचं चित्रही काढून लावलं होतं. ते वाचून आईंना बरं वाटलं. "म्हणजे कुणीतरी आठवण ठेवली," म्हणाल्या.

आणि तिसरी गोष्ट आईंच्याच दुसऱ्या गोळीची. त्या रक्तदाबासाठी घेतात त्या जातीचं पहिलं औषध कशावरून निघालं ठाऊक आहे? ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरून! तो साप चावला की रक्तदाब एकदम उतरतो. का उतरतो, याचा माग काढता काढता १९८१ मध्ये कॅप्टोप्रिल हे औषध बाजारात आलं. आज हृदय कमजोर झालेल्या लाखो लोकांच्या डब्यात त्याच घराण्यातली गोळी असते. नागपंचमीला आपण उगाच नागाला हात जोडत नाही, असं मी म्हटलं तर आई पहिल्यांदा हसल्या.

मग चूक की बरोबर?

पण हसून प्रश्न मिटत नाही. मला स्वतःलाही झोप लागेना. मोती पायाशी येऊन बसला की वाटायचं, परळच्या पिंजऱ्यातलं ते कुत्रंही असंच शेपूट हलवत असेल.

एवढं मात्र कळलं की, हा प्रश्न मनात येणाऱ्या आम्हीच पहिल्या नव्हतो. भरतनाट्याच्या थोर कलावती रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या. प्राण्यांवरची क्रूरता थांबवणारं विधेयक त्यांनी मांडलं आणि त्यातूनच पुढे १९६० चा कायदा झाला. त्या कायद्यानं प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आली. १९९८ मध्ये नियम आणखी कडक झाले. आज कुणी उठून कुत्रं पकडून प्रयोग करू शकत नाही. परवानगी लागते, गुंगी आणि वेदनाशामक लागतं, दुसरा मार्ग असेल तर आधी तो वापरावा लागतो. २०२३ मध्ये औषधांच्या नियमांत बदल होऊन, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर आणि संगणकावर केलेल्या चाचण्यांनाही आपल्याकडे जागा मिळाली. हे सगळं पुरेसं आहे का, यावर वाद आहेत, आणि ते व्हायलाच हवेत.

एक गोष्ट मात्र मला फार दिलासा देऊन गेली. मोतीला जी हृदयाचा जोर वाढवणारी गोळी चालू आहे, पिमोबेंडन नावाची, तिची मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. चाचणीत ३६० कुत्री होती. पण ती पिंजऱ्यातली नव्हती. ती माणसांच्या घरातली, मोतीसारखीच झडपेचा आजार असलेली कुत्री होती. मालकांनी संमती दिली, काहींना खरी गोळी, काहींना नुसतीच. खरी गोळी मिळालेल्या कुत्र्यांमध्ये हृदय निकामी होणं सरासरी पंधरा महिन्यांनी लांबलं. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे केवढे! आजवर कुत्र्यानं माणसासाठी सोसलं. इथं माणसानं कुत्र्यासाठी तोच खटाटोप केला.

आईंचा निकाल

हे सगळं मी आईंना तीन-चार संध्याकाळी बसून सांगितलं. त्या वाती वळत ऐकायच्या. शेवटच्या दिवशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. इथं उलटंच झालं म्हणायचं. माझ्यामागं कुत्रं धावलं."

"मग गोळी घेणार ना?" ओंकारनं विचारलं.

"घेते बाबा. टाकून दिली तर त्यांचं सोसणं वाया जाईल. पण ती फुकट आलेली नाही, हे विसरून नाही घेणार."

त्या दिवसापासून मोतीची गोळीही त्याच देतात. पोळीच्या तुकड्यात दडवून आधी त्याला, मग स्वतःला.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी

आमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या आणि मी अनुभवानं शिकलेल्या काही गोष्टी लिहून ठेवते. मात्र औषध सुरू करणं वा बंद करणं डॉक्टरांना विचारूनच.

माणसासाठी: रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर तो लठ्ठपणा नव्हे, ते पाणी आहे. लगेच डॉक्टरांना कळवा. घोट्यावरची सूज, झोपल्यावर लागणारी धाप, वाढलेल्या उशा यांकडे लक्ष ठेवा. लोणचं, पापड, फरसाण, तयार सूप यांत मीठ लपलेलं असतं. मी आमटीत मीठ कमी करून लिंबू, आमसूल, जिरं, कोथिंबीर वाढवते, चव जात नाही. बाजारात मिळणारं 'कमी सोडियमचं' मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि हृदयाच्या काही औषधांबरोबर ते घातक ठरतं. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून अंगदुखीची गोळी आणून देऊ नका, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी अंगात पाणी साचतं.

कुत्र्यासाठी: ते गाढ झोपलेलं असताना छाती वर-खाली होणं एकदा, असे मिनिटभराचे श्वास मोजा. तीसच्या आत असावेत. रोज तीसच्या वर जाऊ लागले तर वाट बघू नका. रात्रीचा खोकला, फिरताना मधेच बसणं, चक्कर येऊन पडणं ही लक्षणं हृदयाची असू शकतात. छोट्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत झडपेचा आजार फार आढळतो. आणि औषध तेच दिसलं तरी घरातल्या माणसाची गोळी मनानं कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेननं कुत्र्याचा जीव जाऊ शकतो.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पूर्वी मी दुधाचा हिशेब लिहायची. आता तिथं आईंचं अक्षर असतं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत वर त्यांचं वजन, खाली मोतीचे श्वास. डॉक्टरांनी मोतीची फार मुदत दिलेली नाही, आणि आईंचं वय शहात्तर. दोघांनाही ते ठाऊक असावं असं कधी कधी वाटतं. आज सकाळी चहा ठेवताना मी बघितलं. वर लिहिलं होतं त्रेपन्न किलो, खाली चोवीस.